दुखणं तुमचं, हात कुणाचा?

गेल्या महिन्यात मी जखडलेल्या खांद्याबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती भलत्याच विषयाची. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच मागणी : ‘मॅडम, नाशिकमधला एखादा चांगला मालीशवाला सुचवा.’ नाव मी सुचवणार नाही. ज्याच्या हातानं माझी पाठ सुटते, त्याच हातानं तुमची अडकू शकते. पण पारख कशी करायची, ते सांगता येईल. चौतीस वर्षं नाशिकरोडला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवला, आणि त्याआधीची सगळी वर्षं पंचवटीत, वडिलांच्या तेलाच्या वासात काढली. आमचे अण्णा तालमीतले वस्ताद. पैलवानांची अंगं रगडता रगडता त्यांना गल्लीतल्या लोकांच्याही लचका, मुरगळा बघाव्या लागायच्या. त्यामुळे पदवीचा आणि बिनपदवीचा, दोन्ही हात मी जवळून पाहिलेत.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. गुडघे आणि कंबर सतत दुखते. शेजारच्या सोसायटीत एक मावशी घरी येऊन अंग चोळून देतात, एका वेळचे ४०० रुपये. दुसरा एक मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे, तो ७०० घेतो. कुणाला बोलवावं?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, तुम्ही भाव दोन सांगितलेत, पण कामंही दोन आहेत. मावशी अंग मोकळं करून देतील. फिजिओथेरपिस्टनं दुखणं का आहे ते तपासून व्यायाम शिकवायचा असतो. चोळून घेण्यासाठी ७०० देणार असाल तर ते वाया, आणि गुडघ्याचा इलाज म्हणून मावशींना ४०० देणार असाल तर तेही वाया.

आधी एक सोपी परीक्षा घ्या. दोघांनाही फोन करा आणि फक्त एवढंच म्हणा, ‘सासूबाईंचं अंग दुखतं, कधी येता?’ पुढे गप्प बसा. समोरून ‘उद्या चारला येते’ एवढंच आलं, तर थोडं थांबा. ‘वय काय? शुगर, बीपी? काही ऑपरेशन झालंय का? गोळ्या कसल्या चालू आहेत?’ असं विचारणं आलं, तर तो माणूस बोलवण्यासारखा. मग तो मावशी असो की पदवीवाला. न विचारता हात लावणारे पदवीवाले मी भरपूर पाहिलेत.

अण्णांची एक गोष्ट सांगते. मी नुकतीच पदवी घेऊन आले होते, डोक्यात शरीररचनाशास्त्राचा जाडजूड ग्रंथ आणि अंगात भरपूर वारं. एका संध्याकाळी नाशिकच्याच द्वारका चौकाकडचा एक ट्रक ड्रायव्हर आमच्या ओट्यावर येऊन बसला. लांबची खेप करून आलेला, सलग दोन दिवस गाडीवर. म्हणाला, ‘पोटरीत गोळा आलाय, सुटतच नाही. रगडून द्या.’ मी वाटीत तेल ओतलंसुद्धा. अण्णांनी तेलाला हात लावला नाही. त्यांनी उलटा हात, तळवा नव्हे, आधी एका पोटरीवर ठेवला, मग दुसरीवर. पुन्हा पहिलीवर. कोनाड्यातली सुतळी काढली, दुखऱ्या पोटरीभोवती गुंडाळून चिमटीत धरली आणि तशीच दुसऱ्या पोटरीवर नेली. दोन बोटं सुतळी उरली. म्हणाले, ‘एक पाय गरम, एक गार. एक जाड, एक बारीक. याला तेल नको, दवाखाना पाहिजे.’ शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तो पाय मी रगडला असता तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, आणि त्यानं माणूस दगावतो. या दुखण्याचं इंग्रजी नाव मला पाठ होतं, अण्णांना नव्हतं. पण वाटीत तेल ओतलं होतं मी.

आता तुमच्या सासूबाई. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणारच. क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन अशी नावं चिठ्ठीवर दिसतील. अशा अंगाला जोरात रगडलं की काळेनिळे डाग पडतात, आत रक्त साकळतं. म्हणून दाब हलका, कोपर तर नकोच. हृदयाच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीला जाल तेव्हा एका वाक्यात विचारून घ्या. दुसरी गोष्ट मधुमेह. जुन्या शुगरमध्ये पावलांची संवेदना कमी होते, चटका बसला तरी कळत नाही. हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून शिकले नाही. दवाखाना सुरू केल्यावर पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट; एका आजींच्या घोट्याला शेकाची पिशवी लावली आणि विचारलं, ‘आजी, जास्त गरम नाही ना?’ त्या म्हणाल्या, ‘छान वाटतंय गं.’ उठवलं तर रुपयाएवढा फोड. तो भरायला दोन महिने लागले आणि मी ते दोन महिने त्यांच्या घरी जाऊन ड्रेसिंग केलं. मधुमेही माणसाला ‘गरम लागतंय का’ विचारून भागत नाही, पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावी लागते, आणि मग पुन्हा पुन्हा उचलून कातडी बघावी लागते. तुमच्या मावशी शेक देणार असतील तर हे त्यांना सांगा. ‘मला माहितेय हो’ म्हणून उडवून लावलं, तर शेक नको म्हणून सांगा.

गुडघ्याची झीज चोळून भरत नाही. चोळल्यानं मांडीचे ताठरलेले स्नायू सैल पडतात, दोन दिवस बरं वाटतं आणि तेही काही कमी नाही. पण गुडघा तोलून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू, त्याला ताकद लागते. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. असे चार-पाच व्यायाम नीट करून घ्यायला त्या मुलाला पाच-सहा वेळा बोलवा. येताना त्याच्याकडे महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा. खरा असेल तर राग येणार नाही. तोही नुसतंच मशिन लावून मोबाईल बघत बसला, तर त्यालाही रामराम करा. नंतर मावशींना आठवड्यातून एकदा, सासूबाईंना आवडत असेल तर.

हे शेवटचं महत्त्वाचं. सासूबाईंना विचारलंत का? पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. या पिढीच्या बायका दात-ओठ खाऊन सहन करतात, वर ‘दुखलं म्हणजे लागू पडतंय’ म्हणतात. तसं नसतं. पहिल्या दिवशी जवळ बसा, त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, आणि ‘हळू’ म्हटल्यावर हात खरंच हळू होतो का ते बघा. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकणं ठीक, पण उठताच न येणं ठीक नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर दोन-अडीच महिने मान वर करूनच काम. यंदा डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) झाल्यावर मान अशी जखडली की मागं वळून बघता येईना. गावात केस कापायला गेलो की तो मान मोडून देतो, तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. मुलगा म्हणतो, नाशिकला चांगल्या सेंटरला दाखवा. जाऊ का?
(एक शेतकरी, दिंडोरी तालुका)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचताना माझीच मान दुखली. माझं माहेरचं आजोळ पिंपळगावकडचं, मामांच्या बागेत मी लहानपणी सुट्टीत घड बुडवलेत. मांडवाखाली उभं राहायचं, जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवायचं औषध) पाण्याचा मग डाव्या हातात डोक्याच्या वर धरायचा, घड पूर्ण बुडवायचा, निथळू द्यायचा, पुढचा घड. पाणी कोपरावरून बगलेत उतरतं. शंभर घडांनंतर मान, खांदा आणि तो हात, तिन्ही आपले राहत नाहीत. तुमची मान खराब नाही झालेली, ती दमलीय.

मान मोडून घेणं मात्र आजपासून बंद. तो ‘कट्‌’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो. बोटं मोडल्यावर येतो तोच. आता धोका कशात आहे ते सांगते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात, गोठ्याच्या खांबांतून दोरी ओवावी तशा. झटक्यानं मान फिरवली की क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघात होतो. रोज होतं असं नाही. पण दाढीबरोबर फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी एवढी जोखीम कशाला? तो न्हावी तुमचा जुना मित्र असेल, त्याला डोक्याला तेल चोळू द्या, त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

सेंटर निवडताना बघा की तो माणूस आधी मान कुठपर्यंत वळते ते दोन्ही बाजूंना बघतो का, हाताची पकड तपासतो का, मुंग्या येतात का विचारतो का. तुमच्या हातातून वस्तू सुटत असतील, बोटं बधिर असतील, चालताना तोल जात असेल किंवा मान वळवली की चक्कर येत असेल, तर मालीश कुणाकडूनच नको, आधी डॉक्टर. यातलं काहीच नसेल तर मानेपेक्षा खांद्यांच्या वरचा भाग, पाठीच्या पंखांमधला भाग आणि छातीचा पुढचा भाग मोकळा करून देणारा हात शोधा. नुसती मानच दाबत बसणारा कच्चा.

आणि पुढच्या हंगामात मांडवाखाली एक पाट ठेवा, फूटभर उंचीचा. त्यावर उभं राहिलं की घड डोळ्यांसमोर येतो, मान मागे टाकावी लागत नाही. बायांनाही द्या. दर अर्ध्या तासाला मगाचा हात बदला. पाट सरकवायला वेळ जातो म्हणून मजूर कुरकुर करतील. करू द्या.

प्रश्न : उसण भरली की पायाळू माणसानं पाठीला पाय लावावा म्हणतात. खरं का?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : आमच्या गल्लीत एक पायाळू आत्या होती. सकाळी तिच्या दारात लोक कमरेला हात लावून उभे असायचे आणि ती चहा पूर्ण झाल्याशिवाय पाय उचलायची नाही. साधी उसण काही दिवसांत आपोआपच सुटते, त्याचं श्रेय आत्याला मिळायचं. पाय नुसता लावणार असतील तर लावू द्या. पाठीवर उभं राहणार असतील तर नको, आणि साठीपुढच्या बाईच्या ठिसूळ मणक्यांवर तर मुळीच नको.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, आयटीत काम करते, दिवसभर लॅपटॉप. गंगापूर रोडला दोन-तीन स्पा आहेत, एक ‘केरळी आयुर्वेदिक’ म्हणवणारं सेंटर आहे. जायची इच्छा आहे, पण एकटीनं जायला संकोच वाटतो. कपडे, पुरुष थेरपिस्ट, पॅकेज… काय बघून जायचं?
(एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : संकोच वाटणं साहजिक आहे, ‘मसाज पार्लर’ हा शब्दच आपल्याकडे लोकांनी वाईट करून ठेवलाय. त्यात ज्या मुली इमानेइतबारे हे काम करतात त्यांचे हाल जास्त. माझ्याकडे प्रशिक्षणाला आलेली एक मुलगी घरी ‘ब्युटी पार्लरमध्ये आहे’ असं सांगायची.

आधी दिवसा जा, नुसती चौकशी करायला. मालीश कोण करणार, बाई की पुरुष, हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या. आयत्या वेळी ‘आज मॅडम नाहीत, सर करतील’ असं झालं तर परत या, त्यात काही अपमान नाही कुणाचा. कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचं. व्यवस्थित शिकलेला थेरपिस्ट आधी खोलीबाहेर जातो, तुम्ही चादर ओढून घेतल्यावर दारावर टकटक करून आत येतो, आणि जो भाग चोळायचा तेवढाच उघडा करतो, बाकी झाकलेलं. मान-खांदे दुखत असतील तर सैल कुर्त्यावरूनही बरंच काम होतं. दाराला आतून कडी नको. चादर, टॉवेल ताजे धुतलेले आहेत का, तेलाची वाटी आधीच्याची उरलेली तर नाही ना, नखं कापलेली आहेत का, एवढं डोळ्यांना दिसतंच. आणि मध्येच काही खटकलं तर ‘थांबा’ म्हणून उठायचं. पैसे दिलेत म्हणून तास पुरा करायची गरज नाही.

‘केरळी’ पाटीबद्दल. अभ्यंग, शिरोधारा करून घेताना आत वैद्य आहे का ते विचारा, म्हणजे बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी घेतलेला आणि वैद्यांच्या परिषदेकडे नोंदणी असलेला. नाडी-पोट-भूक विचारून, अजीर्ण किंवा ताप असेल तर ‘आज नको’ म्हणणारा. या पदव्या देणारं, १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, तेव्हा नाशिकला वैद्यांचा दुष्काळ नाही. नुसत्या मालिशीला मात्र असा सक्तीचा परवाना नाही. भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र तीन दिवसांच्या शिबिराचंही असतं. म्हणून ‘किती महिने शिकलात, कुणाच्या हाताखाली?’ असा प्रश्न विचारा.

‘आजच २१ दिवसांचं पॅकेज घेतलं तर निम्म्यात’ असं म्हणणाऱ्याला ‘एकदा करून बघते’ म्हणा. अंगातली घाण बाहेर पडते, पोटावरची चरबी वितळते, हेही ऐकवतील. घाण काढायला मूत्रपिंड आणि यकृत आहेत, आणि चरबी चोळून उतरली असती तर आमच्या तालमीत एकही ढेरपोट्या राहिला नसता. आराम मिळतो, झोप चांगली लागते, आखडलेले स्नायू सैल होतात. यासाठी पैसे द्यायला माझी काही हरकत नाही.

प्रश्न : मुलगी बाळंत होऊन तीन आठवडे झाले, सिझेरियन आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी बाळाचं डोकं दाबून गोल करतात, नाक ओढतात, कानात तेल घालतात. बोललं तर म्हणतात, ‘पन्नास बाळं न्हाऊ घातलीत.’ बदलू का त्यांना?
(एक आजी, नाशिकरोड)

उत्तर : त्या पन्नास बाळांची डोकी मावशींमुळे गोल झाली नाहीत, आपोआप झाली. टाळू दाबायची नाही, नाक ओढायचं नाही, कानात-नाकात तेल घालायचं नाही. हातपाय ओढून उलटे-पालटे करणंही नको. हे एकदा शांतपणे सांगा. ऐकलं तर मावशी ठेवा, कारण मायेनं करणारी अनुभवी बाई सहज मिळत नाही. नाही ऐकलं तर बदला, आणि नवी बाई मिळेपर्यंत आजी, तुम्हीच चोळा. मुलीच्या पोटाला, टाक्यांच्या भागाला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. पाठ, पाय, खांदे हलक्या हातानं चालतील. एक पोटरी सुजून दुखत असेल तर वरची ड्रायव्हरची गोष्ट पुन्हा वाचा, बाळंतिणीला तो धोका जास्त असतो.

प्रश्न : मॅडम, मी स्वतः मालीश करतो, पंचवटीत, नऊ वर्षं झाली. श्रावणात तिसऱ्या सोमवारी लोक त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करतात आणि मंगळवारी माझ्याकडे रांग लागते, पाय रगडून द्या म्हणून. कुणी आजार सांगत नाही, विचारलं तर म्हणतात, ‘तू डॉक्टर आहेस का?’ काय विचारू, आणि कुणाला परत पाठवू?
(एक मालीशवाला, पंचवटी)

उत्तर : भाऊ, आजच्या सगळ्या पत्रांत मला तुमचं आवडलं. कुणी ‘डॉक्टर आहेस का’ म्हटलं तर सांगा, ‘नाही, म्हणूनच विचारतोय.’

रात्रभर अनवाणी वीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाचे दोन्ही पाय सुजलेले, दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखऱ्या असतील तर घाबरू नका. पहिल्या दिवशी जोर नको. पाय भिंतीला वर टेकवून दहा मिनिटं पडू द्या, पाणी पाजा, मग घोट्याकडून वर गुडघ्याकडे हलक्या हातानं ओढत न्या. खोल रगडणं दोन दिवसांनी. फोड आलेत, काटा रुतलाय, चिखलानं बोटांत चिघळलंय, तिथे तेल नको. घोटा मुरगळून सुजलाय, पाऊलच टेकवत नाही, तर एक्स-रे. ताप असेल तर परत. आणि एक प्रश्न सगळ्यांना विचारा, जरा लाजिरवाणा आहे : ‘लघवीचा रंग कसा आहे?’ अतिश्रमानं स्नायू फुटतात, तेव्हा लघवी कोऱ्या चहासारखी होते. मूत्रपिंडावर बेततं. असा माणूस सापडला तर त्याला चोळायचं नाही, रिक्षात बसवायचं.

स्वतःची बोटंही सांभाळा. नऊ वर्षं अंगठ्यानं दाबत असाल तर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलंच असेल. हाताचा पुढचा भाग, कोपरापासून मनगटापर्यंतचा, वापरायला शिका आणि जोर खांद्यानं नव्हे, अंगाच्या वजनानं द्या. बाक एवढा उंच हवा की शेजारी सरळ उभं राहिल्यावर तुमची मूठ त्यावर टेकेल. बहुतेकांचा खाली असतो, म्हणून मालीशवाल्याचीच कंबर आधी जाते. अण्णांची तशीच गेली.

एकाच पोटरीबद्दल शंका आली तर गुडघ्याखाली पुढे जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पाय मोजा. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला तर हात लावू नका, लगेच दवाखान्यात धाडा. फरक कमी असला, पण पोटरी गरम आणि दुखरी असेल, तरी धाडा. मेन रोडला शिंप्याची टेप मिळते, ती घेऊन तेलाच्या बाटलीशेजारी खिळ्याला टांगा. सुतळीपेक्षा बरी.